देवाची क्षमा आणि सहकाऱ्याचं देणं

आदरणीय ताई,

माझं वय ४७. १६ वर्षांपूर्वी मी ऑफिसच्या रोकडीतून थोड्या दिवसांसाठी म्हणून पैसे उचलले. परत ठेवायच्या आतच तपासणी झाली. संशय रोकड सांभाळणाऱ्या सहकाऱ्यावर गेला आणि त्याची नोकरी गेली. मी गप्प बसलो. पुढे त्या रकमेच्या कितीतरी पट दान मी मंडळीत दिलं. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतो, आजाऱ्यांच्या भेटीला जातो, दर शुक्रवारी उपास-प्रार्थना करतो. दर उपासनेत पापांची कबुली देतो, तरी क्षमा झाली असं वाटत नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी हात थरथरतो. गेले दोन महिने तेवढ्यापुरता मी बाहेर जाऊन उभा राहतो. रात्री झोप नाही.

पाळकसाहेब म्हणतात, फक्त विश्वास ठेवा, विश्वासानेच माणूस नीतिमान ठरतो. पण माझा विश्वासच लुळा आहे. पत्नी कॅथलिक घरातली. तिला सगळी हकीकत ठाऊक नाही, पण काहीतरी खुपतंय हे ती ओळखून आहे. ती म्हणते, कोणापुढे तरी तोंडाने बोला. एका मित्राने विचारलं, नुसत्या विश्वासाने पाप माफ होत असेल तर हा न्याय कसला? मला उत्तर देता आलं नाही. मी आणखी काय केलं म्हणजे देव मला माफ करेल?

तो सहकारी हल्ली कुठे राहतो ते मला माहीत आहे.

— एक वाचक


ख्रिस्तात प्रिय बंधू, सलाम.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं. इथे ते थोडक्यात दिलं आहे. मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमची तळमळ दिसली. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली आणि तिसऱ्यांदा मी ती मोजूनच पाहिली. चार पानांत देव जवळजवळ प्रत्येक ओळीत आहे. तुमचे उपास, तुमची दानं, तुमच्या प्रार्थना यांचा तपशील आहे. ज्याची नोकरी गेली त्या माणसाच्या वाट्याला तीन ओळी आल्या. आणि तो कुठे राहतो हे तुम्हाला माहीत आहे, ही ओळ तुम्ही अगदी सहीच्या वर लिहिली आहे, मागच्या-पुढच्याशी काही संबंध नसल्यासारखी. मला वाटतं, सगळं पत्र त्या एका ओळीसाठीच लिहिलं गेलं आहे.

तिच्याकडे मी येणार आहे. पण त्याआधी तुमच्या मित्राच्या आणि पाळकसाहेबांच्या बोलण्याचा उलगडा व्हायला हवा. तो झाल्याशिवाय मी तुम्हाला काहीही करायला सांगितलं, तरी तुम्ही त्याचाही एक नवा उपास करून टाकाल.

मूळ पत्रात तुम्ही पाच ठिकाणी 'माझी चूक' असं लिहिलं आहे. बेरजेत आकडा इकडचा तिकडे होतो ती चूक. तुमच्या हातून झालं ते पाप आहे, आणि त्याला त्या नावाने हाक मारायला घाबरू नका, कारण ख्रिस्त चुकांसाठी मरण पावला असं शुभवर्तमान सांगत नाही. नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द सगळ्यात जास्त येतो, 'हामार्तिया', त्याच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. पण हा नेम डोळे झाकून चुकलेला नाही. आपण आपली नजर दुसरीकडेच लावलेली असते, म्हणून बाण तिकडे जातो.

संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात वयाच्या १६ व्या वर्षी केलेल्या एका चोरीबद्दल लिहिलं आहे. शेजारच्या झाडावरची नासपतीची फळं. त्याला भूक नव्हती. घरी त्याहून चांगली फळं होती. चोरलेली फळं शेवटी त्या पोरांनी डुकरांपुढे टाकली. एवढ्याशा गोष्टीवर तो पानंच्या पानं खर्च करतो, कारण त्याला फळांशी देणंघेणं नाही. त्या रात्री मी नेमकं कशावर प्रेम करत होतो, हे त्याला शोधायचं आहे. हाच प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा. पैसे उचलले तेव्हा गरज होती, परत ठेवायचा इरादाही होता, असं तुम्ही म्हणता. मी ते खरं मानते. पण तपासणीच्या दिवशी, आणि त्यानंतर जवळजवळ सहा हजार दिवस, तुम्ही गप्प राहिलात, तेव्हा तुमचं प्रेम कशावर होतं? लोकांच्या नजरेतल्या तुमच्या प्रतिमेवर. दुसऱ्याच्या घरचं पोट तिच्यापुढे हलकं ठरलं. पैसे उचलणं हे पानाफुलांसारखं वर दिसत होतं, मूळ होतं ते इथे.

नव्या करारातली अनेक पत्रं लिहिणारा प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हणतो की सर्वांनी पाप केलं आहे आणि सर्व जण देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत. हे वाचून कुणी समजतं की माणूस म्हणजे नुसती घाण. मला तसलं उपदेश करणं अजिबात आवडत नाही. देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला किळस येईपर्यंत स्वतःकडे बघायला लावणं यात शुभ वर्तमान कुठे आहे? पापाची शिकवण वेगळं सांगते. आपण जितके वाईट होऊ शकू तितके वाईट आहोत, असं ती म्हणत नाही. आपल्यातला एकही कोपरा असा नाही की जिथे ही विकृती पोचलेली नाही, एवढं ती म्हणते. बुद्धी, इच्छा, भक्ती, अगदी पश्चात्तापसुद्धा. पश्चात्तापाचाही उपयोग आपण लपण्यासाठी करू शकतो. तुमच्याबाबत तेच झालं असावं अशी मला शंका आहे.

आता 'नीतिमान ठरणे' या शब्दाकडे येऊ. आपल्या मराठी बायबलमध्ये हा शब्द अगदी चपखल आला आहे, आणि आपण तो इतक्यांदा ऐकतो की त्यातल्या 'ठरणे' या क्रियापदाकडे आपलं लक्षच जात नाही. तिथे नीतिमान होणे असं नाही, नीतिमान वाटणे तर मुळीच नाही. ठरवतो तो न्यायाधीश. पौलाचा मूळ ग्रीक शब्दही न्यायालयातलाच आहे. न्यायाधीशाने निर्दोष ठरवलं की आरोपी मोकळा. त्या वेळी आरोपीच्या छातीत धडधड होत असेल, पाय कापत असतील, रात्री त्याला पुन्हा खटल्याची स्वप्नं पडत असतील, पण निकाल त्याच्या धडधडीवर लिहिलेला नसतो. 'क्षमा झाली असं वाटत नाही' असं तुम्ही लिहिता, तेव्हा तुम्ही निकालपत्र आपल्या छातीत शोधत असता. ते तिथे नाही. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहितो की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं, तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि तो सर्व काही जाणतो. दोषी ठरवणारं मन असतं हे त्याने मान्य केलं आहे. पण शेवटचा शब्द त्याने मनाला दिलेला नाही.

तुम्ही एकटे नाही आहात. पुढे धर्मसुधारणेचा आरंभ करणारा जर्मन मार्टिन ल्यूथर १५०५ साली मठात गेला तो याच भीतीने पछाडलेला. तो तासन्‌तास पापांची कबुली देई, उठून जाई आणि एखादं विसरलेलं पाप आठवून परत येई. त्याचे वडीलधारे गुरू श्टाउपिट्झ त्याला पुन्हापुन्हा ख्रिस्ताकडे बघायला सांगत. रोमकरांस १:१७ मधले 'देवाचे नीतिमत्त्व' हे शब्द त्याला धडकी भरवत, कारण देव ज्या नीतिमत्त्वाने पाप्याला शिक्षा करतो ते हे, असं तो समजत होता. पुढे रात्रंदिवस त्या वाक्याशी झुंजताना त्याच्या लक्षात आलं की हे नीतिमत्त्व देव मागत नाही, देतो. मरणाच्या एक वर्ष आधी, १५४५ मध्ये, त्याने ही हकीकत स्वतः लिहून ठेवली. आपल्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळलं, असं त्या साक्षीत सांगतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडलेला नव्हता. त्या आठ वर्षांत त्या किती कष्टल्या, काय काय उभारलं, ते आपण सगळे जाणतो. कामाला त्या कमी पडल्या नव्हत्या.

तुमच्या मित्राचा प्रश्न मला मोलाचा वाटला. त्याला नास्तिकाची टोचणी समजून बाजूला सारू नका. अपराध्याला सोडून देणारा न्यायाधीश भ्रष्ट असतो, हे त्याचं म्हणणं बायबलचंच आहे. नीतिसूत्रे १७:१५ काढा: जो दुष्टाला निर्दोष ठरवतो आणि जो नीतिमानाला दोषी ठरवतो, त्या दोघांचाही परमेश्वराला वीट आहे. आणि मग रोमकरांस ४:५ काढा. तिथे पौल देवाचं वर्णन 'अधर्म्याला नीतिमान ठरवणारा' असं करतो. ज्याचा देवाला वीट, तेच देव स्वतः करतो? पौल परूश्यांच्या, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या शाळेत वाढलेला, शास्त्र कोळून प्यायलेला. ते नीतिसूत्र त्याला ठाऊक नसेल हे शक्य नाही.

त्याचं उत्तर रोमकरांस ३:२५-२६ मध्ये आहे, आणि मला विचाराल तर सबंध पत्राची नाडी तिथे सापडते. देवाने ख्रिस्ताला त्याच्या रक्ताने प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवलं, ते अशासाठी की देवाने स्वतः न्यायी असावं आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणाराही असावं. दोन्ही एकाच वेळी. पापाकडे कानाडोळा झाला असता तर वधस्तंभाची गरजच नव्हती. ती किंमत चुकवली गेली, आणि ती चुकवणारा न्यायाधीशापासून वेगळा असा कुणी तिऱ्हाईत नव्हता. देवाने एका निरपराध माणसाला धरून त्याच्यावर राग काढला, असं चित्र काही जण रंगवतात. ते चित्र चुकीचं आहे. देव ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता, असं पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात लिहितो. अपराध ज्याच्याविरुद्ध झाला, त्यानेच तो आपल्या अंगावर घेतला.

हे कळायला मला फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्राने फार मदत केली. एकच अध्याय आहे, दहा मिनिटांत वाचून होतो. अनेसिम हा फिलेमोनाचा पळून आलेला दास. त्याने धन्याचं काही नुकसानही केलेलं असावं. पौल त्याला परत पाठवतो आणि धन्याला लिहितो: त्याने तुझं काही वाईट केलं असेल, तो तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड. आणि पुढे, मी पौल स्वतःच्या हाताने हे लिहितो, मी फेडीन. त्याच्या जरा आधी तो हेही सांगतो की मला जसं स्वीकारलं असतंस तसं त्याला स्वीकार. अनेसिमाचं कर्ज पौलाच्या खात्यावर, आणि पौलाचा मान अनेसिमाच्या खात्यावर. ख्रिस्तात पाप्याचं नेमकं हेच होतं. तुमचा जन्म हिशेबात गेला आहे, दोन्ही नोंदी तुम्हाला दिसतील.

पण एक बघा, बंधू. पौलाने कर्ज आपल्या खात्यावर घेतलं म्हणून अनेसिमाला आपल्याजवळ लपवून ठेवलं नाही. तो अनेसिम ते पत्र घेऊन, आपल्या पायांनी चालत, ज्याचा अपराध केला होता त्याच माणसाच्या दारी गेला.

तुमच्या लुळ्या विश्वासाविषयी थोडं. विश्वास ही देवाला द्यायची आणखी एक चांगली गोष्ट आहे, आणि ती पुरेशा वजनाची भरली की तारण मिळतं, अशी तुमची समजूत झाली आहे. मग तुम्ही रोज तो तोलून बघता आणि रोज तो कमी भरतो. अशाने विश्वासाचंच कर्म होऊन बसतं. अब्राहामाची गोष्ट पाहा. त्याने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि देवाने ते त्याच्या बाजूने नीतिमत्त्व असं गणलं, हे उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात आहे. सुंतेची आज्ञा १७ व्या अध्यायात. मध्ये निदान १३ वर्षं गेली आहेत, कारण अब्राहामाचा मुलगा इश्माएल त्या दोन अध्यायांच्या मध्ये जन्मला आणि सुंतेच्या वेळी तो १३ वर्षांचा होता. रोमकरांस पत्रात पौल या क्रमावरच बोट ठेवतो: ठरवलं आधी, खूण नंतर. आणि त्या नीतिमान ठरलेल्या अब्राहामाने पुढे काय केलं? मुलगा होणार हे ऐकून तो पालथा पडून हसला. २० व्या अध्यायात त्याने जीव वाचवण्यासाठी आपली पत्नी सारा हिला पुन्हा एकदा बहीण म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या एका राजाला संकटात टाकलं. भीतीपोटी गप्प राहून दुसऱ्याला अडचणीत आणणारा माणूस तुम्ही पहिले नाही. १५ व्या अध्यायातला निकाल २० व्या अध्यायात मागे घेतला गेला नाही. मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बापही आठवा, जो एका दमात म्हणाला की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याला, आधी विश्वास धड करून ये, असं सांगितलं नाही. त्याच्या मुलाला बरं केलं.

पत्नीच्या माहेरची मंडळी कॅथलिक आहेत, म्हणून दोन शब्द. नीतिमान ठरण्याच्या प्रश्नावर पश्चिमेकडची ख्रिस्ती मंडळी दुभंगली हे खरं. १५४७ मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने आग्रहाने सांगितलं की यात पापांची क्षमा आहेच, पण माणसाचं अंतरंग नवं होणंही आहे. धर्मसुधारकांचं म्हणणं असं की निकाल आधी आणि पूर्ण, नवेपण त्यातून फुटतं, आणि ही दोन्ही एकमेकांपासून कधी सुटत नाहीत. मी दुसऱ्या बाजूची आहे, ते लपवत नाही. पण १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला आउग्सबुर्ग इथे कॅथलिक मंडळी आणि लुथरन मंडळ्यांच्या जागतिक संघाने एकत्र सही करून सांगितलं की आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि सत्कर्मांसाठी समर्थ करणारा पवित्र आत्मा आपल्याला मिळतो. पुढे मेथॉडिस्ट, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांनीही त्याला साथ दिली. सगळे मतभेद त्याने मिटले नाहीत, तरी तुमच्या घरात या प्रश्नावर दोन पक्ष पडायचं कारण उरलेलं नाही. आणि तोंडाने बोला, हा तुमच्या पत्नीचा सल्ला याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलाच आहे.

आता त्या शेवटच्या ओळीकडे.

स्तोत्र ५१ तुम्ही पाठ केलं आहे, रोज म्हणता, असं लिहिलं आहे. त्यात दावीद म्हणतो, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं. हे वाक्य लपायला फार सोयीचं आहे. दाविद राजाने बथशेबेसाठी तिचा नवरा उरीया याला ठार करवलं होतं, तिचं घर मोडलं होतं, मग 'केवळ तुझ्याविरुद्ध' कसं? प्रत्येक माणूस देवाचा आहे, म्हणून माणसाला लावलेला घाव शेवटी देवाला लागतो, असा त्याचा अर्थ. माणसाचा हिशेब संपला असा अर्थ नाही. दाविदाला उरीयाकडे जाता येत नव्हतं. उरीया मेला होता. तुमचा सहकारी जिवंत आहे, आणि त्याचा पत्ता तुमच्याजवळ आहे.

गणना या पुस्तकाचा पाचवा अध्याय आपण सहसा वाचत नाही. तिथे नियम असा आहे: एकाने दुसऱ्याचा अपराध केला तर त्याने तो कबूल करावा, पूर्ण भरपाई करावी, वर एक पंचमांश घालावा, आणि ज्याचा अपराध केला त्याला द्यावी. तो माणूस नसेल आणि भरपाई घ्यायला त्याचा जवळचा नातलगही नसेल, तेव्हाच ती परमेश्वराला अर्पण करावी. तुम्ही तो क्रम उलटा केला. जी रक्कम त्या घरात जायला हवी होती ती तुम्ही दानपेटीत टाकलीत, आणि वर्षानुवर्षं देव ती पोचल्याची पावती का देत नाही म्हणून झुरत राहिलात. बंधू, देवाकडे तुमचं येणं-देणं या पैशाने मिटत नाही. ते वधस्तंभावर मिटलं. तुमची दानं चुकीच्या पत्त्यावर गेली.

लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय नावाच्या जकातदाराने ही गल्लत केली नाही. लूकच्या १९ व्या अध्यायात येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. आधी फेड, मग येतो, असं म्हणत नाही. स्वीकार झाला आणि मग जक्कय उभा राहून बोलतो. त्याच्या बोलण्यात दोन वेगळी खाती आहेत: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत. गरिबांना दिलेल्या दानात त्याने लुबाडलेल्यांचं देणं बुडवलं नाही. त्या घराला तारण मिळालं तेव्हा कुणाचे तरी पैसे कुणाच्या तरी हातात प्रत्यक्ष पडले.

मी स्वतः माझ्या धाकट्या बहिणीशी नऊ वर्षं बोलले नव्हते. दोष माझा होता. त्या नऊ वर्षांत मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करत असे, नाव घेऊन, डोळ्यांत पाणी आणून. एकदा प्रार्थनेतून उठताना लख्ख जाणवलं की मी प्रार्थना करते ती तिला फोन करावा लागू नये म्हणून. देवाशी बोलणं सोपं होतं. तो उलटून विचारत नव्हता. म्हणून तुमच्या पत्रात मला ते इतकं लवकर दिसलं.

तर आधी पत्नीला सांगा, सगळं. हा भार घराचाही आहे, आणि भरपाई तुमच्या दोघांच्या संसारातून जाणार आहे. मग पाळकसाहेबांना किंवा विश्वासातल्या एखाद्या ज्येष्ठाला सांगा. एखाद्या वकिलाचा सल्लाही घ्या. परिणाम टाळण्यासाठी नव्हे, कोणते परिणाम होऊ शकतात ते माहीत असावं म्हणून. नंतर सहकाऱ्याला पत्र लिहा. एकदम दारात जाऊन उभे राहू नका, त्याला सावरायला वेळ मिळायला हवा. पत्रात घडलं ते सरळ लिहा: पैसे मी घेतले, आळ तुमच्यावर आला, मी गप्प बसलो. त्या वेळची तुमची गरज, तुमचा इरादा, पुढे केलेली सेवा, यातलं काही लिहू नका. रक्कम आणि वरची भर देण्याची तयारी कळवा. तो निर्दोष होता असं त्या कार्यालयाला लेखी द्यायची तयारी कळवा. बदनामी पुसणं हीसुद्धा भरपाई आहे, आणि कदाचित त्याला तीच जास्त हवी असेल. आणि मला देवाने क्षमा केली आहे, हे वाक्य त्या पत्रात चुकूनही घालू नका. ते खरं आहे, पण ते त्याला ऐकवायची ही वेळ नाही.

तो चिडेल. उत्तर देणार नाही कदाचित. पोलिसांकडेही जाईल. त्याने क्षमा करावी अशी आपण प्रार्थना करू, पण ती त्याच्याकडून वसूल करता येत नाही. इथेच नीतिमान ठरण्याची शिकवण पाय रोवायला जागा देते. त्याच्या उत्तरावर देवाचा निकाल अवलंबून असता, तर त्याच्यापुढे जायची हिंमत तुम्हाला कधीच झाली नसती, किंवा गेलात तरी स्वतःची सुटका मागायला गेला असता. आता तुम्हाला त्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही. म्हणून त्याचा राग तुम्ही ऐकून घेऊ शकता, मध्ये न बोलता.

शुक्रवारचे उपास काही दिवस बंद ठेवा. रविवारच्या शाळेतली मुलं तुम्हाला आवडतात असं दिसतं. हे सगळं उघड झाल्यावर शिकवत राहावं की नाही ते मंडळीच्या वडिलांना ठरवू द्या, आणि ते सांगतील ते ऐका. झोपेसाठी डॉक्टरांना भेटा. बोचणारी सदसद्विवेकबुद्धी आणि थकलेलं शरीर एकमेकांत मिसळतात, आणि औषध घेणं हा विश्वासाचा उणेपणा नाही.

प्रभुभोजनाचं तुम्ही विचारलं नाही, पण बाहेर उभे राहता ते मला सलतं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात 'अयोग्य प्रकारे' खाण्याबद्दल इशारा आहे. अयोग्य माणसाने खाऊ नये, असं तिथे नाही, तसं असतं तर मेजापाशी कुणीच उरलं नसतं. ते लोक एकत्र जमून आधी आपापलं जेवून घेत आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. पौलाचा राग त्यावर होता. भावाला उपाशी ठेवून खाणं, ती अयोग्य पद्धत. म्हणून पत्र पेटीत टाका आणि त्याच रविवारी आत या. उत्तराची वाट बघत थांबू नका. हात थरथरला तर थरथरू द्या. भाकर तुमच्या हातावर ठेवली जाईल, ती तुम्हाला उचलावी लागणार नाही.

आणि पाकिटावर त्याचं पूर्ण नाव स्वतःच्या हाताने लिहा. मला पाठवलेल्या चार पानांत तो फक्त 'एक सहकारी' होता.

तुमची,
ताई